साचा आणि खाते

आमच्या शेजारच्या घरात ‘क्लास’ या शब्दावरून एकदा चांगलीच गंमत झाली होती. गंमत म्हणायची ती आता. त्या दिवशी त्या घरात कोणी हसत नव्हते. २०१९ सालच्या जूनमधली गोष्ट. पावसाची वाट बघण्याचे दिवस, आणि थोरल्या मुलीचा निकाल लागलेला. ती बी.एस्सी. आय.टी.च्या पहिल्या वर्षाला होती आणि दुसऱ्या सत्रात तिला एका विषयात ‘केटी’ लागली होती. विषयाचे नाव ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग. वडिलांनी विचारले, “नक्की अडलं कुठं?” ती म्हणाली, “क्लासच कळत नाहीत.”

“मग पनवेलला क्लास लाव.”

“तो क्लास नाही हो, बाबा.”

कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेली आजी म्हणाली, “एक क्लास कळंना, त्याला दुसरा लावा!”

लोधिवली हे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे गाव. एका बाजूला चौक, मागे इर्शाळगडाचे सुळके, दुसऱ्या बाजूला रसायनीकडे जाणारी वाट आणि पाताळगंगेचे कारखाने. धीरूभाई अंबानी रुग्णालयामुळे बाहेरच्यांनाही हे नाव ठाऊक झाले. इथल्या बहुतेक घरांत कोणी ना कोणी कंपनीत जाते, कोणी कायम, बरेचसे कंत्राटावर. मुलीचे वडील कंत्राटावरचे. त्यांचा हिशेब सरळ होता. कॉलेजची फी, रोजचे एस.टी. नाहीतर मिनीडोरचे भाडे, वर परीक्षेची फी पुन्हा. कंपनीत पॅकिंगला मुली घेत होते, ओळखीतला माणूस विचारतही होता. “गणपतीपर्यंत बघू,” ते म्हणाले. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको.

मग ते मला म्हणाले, “साहेब, तुम्ही बँकेत होता. तुम्हाला कॉम्प्युटर येत असणार.”

मला कॉम्प्युटर येत होता तो इतकाच, की पडद्यावर विचारलेले भरायचे आणि शेवटी एंटर मारायचा. त्याहून वाईट म्हणजे १९८० च्या दशकात संगणकाविरुद्धच्या मोर्च्यात घोषणा देणाऱ्यांपैकी मी एक होतो. हे मी त्यांना सांगितले नाही. “पुस्तक घेऊन पाठवा,” एवढेच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती ओट्यावर येऊन बसली. वही स्वच्छ, अक्षर मोत्यासारखे. ‘क्लास म्हणजे काय’ याचे उत्तर इंग्रजीतून तोंडपाठ. ऑब्जेक्ट, एन्कॅप्सुलेशन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम या सगळ्यांच्या व्याख्या क्रमाने तयार. मी म्हटले, “हे सगळं येतंय की तुला!” ती म्हणाली, “काका, येतंय, पण कळत नाही. प्रोग्रॅम लिहा म्हटलं की हात थांबतो.”

मग तिने पुस्तकातले उदाहरण उघडून दाखवले आणि मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. उदाहरण बँक खात्याचे होते. खातेदाराचे नाव, खाते क्रमांक, खात्याचा प्रकार, शिल्लक. पैसे भरणे, पैसे काढणे, शिल्लक दाखवणे. ३८ वर्षांची माझी नोकरी एका पानात बसवली होती! पुढे चौकशी केली तेव्हा समजले, की जगभरच्या पाठ्यपुस्तकांत हा विषय शिकवताना बँकेचे खाते हमखास येते. ई. बालगुरुसामींच्या ज्या पुस्तकावर आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या गेल्या, त्यातही ते आहे. आम्ही कारकून मंडळी ज्या कामाला कंटाळत होतो, ते जगाला उदाहरण म्हणून उपयोगी पडत होते, याचा आम्हाला पत्ताच नव्हता.

मी तिला विचारले, “तू लेजर पाहिलं आहेस का?” कुठून पाहणार! तिच्या जन्माआधीच आमच्या शाखेतली लेजरे माळ्यावर गेली होती. म्हणून वहीच्या मागच्या पानावर मी एक लेजरचे पान आखले. वर नाव, पत्ता, खाते क्रमांक यांच्या जागा; खाली तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक असे रकाने. “हे कोरं छापील पान म्हणजे तुझा क्लास. यावर कोणाचंच नाव नाही. यात एक रुपयासुद्धा नाही. पण खातं कसं असतं, ते या पानाला माहीत आहे. आता तुझ्या आजीचं खातं उघडलं, की या साच्याचं एक पान तिच्या नावाचं झालं. ते ऑब्जेक्ट. तुझ्या बाबांचं खातं उघडलं, की दुसरं ऑब्जेक्ट. साचा एक, पानं हजार.”

“म्हणजे कन्स्ट्रक्टर म्हणजे खातं उघडायचा फॉर्म?”

हा शब्द मला माहीत नव्हता. तिने समजावून सांगितले, की ऑब्जेक्ट तयार होताना सगळ्यात आधी जे काम होते ते कन्स्ट्रक्टर करतो, सुरुवातीच्या किमती भरतो. मी म्हटले, “अगदी बरोबर. फॉर्म भरल्याशिवाय आम्ही पान उघडतच नव्हतो.” त्या क्षणापासून शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण याचा घोळ सुरू झाला, तो शेवटपर्यंत सुटला नाही.

तिचा खरा अडसर होता ‘प्रायव्हेट’ या शब्दापाशी. शिल्लक प्रायव्हेट ठेवा, असे पुस्तक सांगते. “काका, शिल्लक आपल्यालाच हवी असते, मग ती लपवायची कशाला?” वर्गात उत्तर मिळाले होते: सुरक्षिततेसाठी. तिला वाटले, चोरापासून.

इथे मात्र बँकेच्या माणसाला बोलायचा हक्क होता. शिलकेच्या रकान्यात पेन टेकवण्याची मुभा आमच्याकडे मॅनेजरलाही नव्हती. आकडा बदलायचा तर व्हाउचर हवे, चेक हवा, स्लिप हवी. कारकुनाने खतावणी करायची, अधिकाऱ्याने नमुन्याची सही ताडून पाहायची, शिल्लक तपासायची, मग आद्याक्षर टाकायचे. लाल शाई, हिरवी शाई यांचेसुद्धा नियम. शिल्लक लपवलेली नसते, काउंटरवर विचारा, सांगतो. फक्त तिला परस्पर हात लावायचा नाही. भरणे आणि काढणे या दोनच दारांनी आत जायचे, आणि प्रत्येक दारावर पहारेकरी. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “म्हणजे डेटा लपवणं म्हणजे लपवणं नाहीच. दारातून या म्हणणं.” ‘डेटा हायडिंग’ची याहून बरी व्याख्या मी नंतरही कुठे वाचली नाही.

पण हे दार बांधायचे सुचले कोणाला? तिच्या निमित्ताने मी वाचत गेलो. ही कल्पना आली नॉर्वेतून. ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टेन नीगार्ड आणि ओले-योहान डाल हे दोघे १९६० च्या दशकात ‘सिम्युला’ नावाची संगणकभाषा घडवत होते. त्यांना रांगांचा अभ्यास करायचा होता. खिडक्या किती, गिऱ्हाइके किती, एक खिडकी वाढवली तर रांग किती कमी होईल, अशा जातीचे प्रश्न. सगळ्याची मिळून आज्ञांची एकच लांबलचक यादी करण्यापेक्षा प्रत्येक गिऱ्हाईक आणि प्रत्येक खिडकी आपापली माहिती आणि आपापले काम घेऊन वावरते असे लिहिले तर सोपे जाते, हे त्यांच्या लक्षात आले. १९६७ च्या सिम्युलात क्लास आणि ऑब्जेक्ट दोन्ही आले, आणि एका क्लासवरून दुसरा बेतण्याची सोयही आली. पुढे ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप या डॅनिश माणसाने केंब्रिजला पीएच.डी. करताना सिम्युला वापरली. अमेरिकेत बेल लॅबोरेटरीत गेल्यावर १९७९ पासून त्याने ‘सी’ या भाषेला क्लासची जोड द्यायला घेतली. १९८३ मध्ये तिला सी प्लस प्लस हे नाव मिळाले. आमच्या शेजारणीला जी केटी लागली ती याच भाषेची.

या हकिगतीतला एक तपशील मला चटका लावून गेला. हा नीगार्ड १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करत होता. कारखान्यात संगणक येणार, तर तो कसा यावा हे ठरवताना कामगाराला बोलता आले पाहिजे आणि बोलण्यासाठी त्याला ते यंत्र समजले पाहिजे, ही त्याची खटपट. आम्हीही संघटनेचेच लोक होतो. इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला तो १९८३ साली, डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला १९८४ साली. त्या काळात यंत्रे किती येणार, भत्ता किती मिळणार, नोकऱ्या किती जाणार, यावर आम्ही घसा बसेपर्यंत बोललो. नोकऱ्यांची भीती खोटी नव्हती, हे मी आजही म्हणतो. पण त्या पेटीत नेमके काय चालते, हे आपल्याला शिकवा, अशी मागणी आमच्या शाखेतून एकदाही गेली नाही. मीही केली नाही.

असो. ओट्यावरच्या अभ्यासाकडे वळतो. पुढचा धडा इनहेरिटन्सचा होता आणि त्यात घोटाळा शब्दाने केला. मराठीत अर्थ सांगायचा म्हणून तिला कोणीतरी ‘वारसा’ असे सांगितले होते. पुस्तकात ‘पेरेंट क्लास’, ‘चाइल्ड क्लास’ असे शब्द होतेच. खालापूर तालुक्यात वारसा म्हटले की डोळ्यांपुढे येतो सातबारा, वारसनोंद, आणि एकमेकांशी न बोलणारे चुलते. तिची समजूत अशी झाली, की पेरेंट खात्यातली शिल्लक चाइल्ड खात्याकडे जाते! मी म्हटले, “वारसा विसर. ‘एक प्रकारचं’ हे शब्द लक्षात ठेव. बचत खातं हे एक प्रकारचं खातं आहे. चालू खातं हे एक प्रकारचं खातं आहे. नाव, नंबर, शिल्लक, भरणं, काढणं हे दोघांनाही आहे, म्हणून ते एकदाच वर लिहायचं. बचतीला व्याज आहे, ते खाली बचतीच्या साच्यात. आणि खातेदार हा काही एक प्रकारचं खातं नव्हे, म्हणून त्याला त्या रांगेत बसवायचं नाही.”

मग व्याजाची गोष्ट निघाली. पूर्वी बचत खात्यावर व्याज काढताना महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरत असत. सहामाहीला आम्ही रात्री जागून खात्यामागून खाते हा हिशेब हाताने करत होतो. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर व्याज द्यायला लावले. मी तिला विचारले, “हजारो बचत खाती आहेत. नियम बदलला. तुझ्या प्रोग्रॅममध्ये किती ठिकाणी बदल करशील?” तिने बोट मोजले. “एक. बचत खात्याच्या क्लासमध्ये, व्याजाच्या फंक्शनमध्ये.” आमच्या काळात हेच काम परिपत्रकाने व्हायचे. परिपत्रक शाखेत यायचे, सगळे सही करायचे, अर्धे विसरायचे. अर्थात उलट बाजूही आहे, ती मी तिला सांगितली. एक कारकून चुकला तर त्याच्या हाताखालची पाने बिघडतात. साच्यात चूक झाली तर झाडून सगळी खाती एकाच पद्धतीने चुकतात, आणि सगळीच चुकल्यामुळे कोणाला पटकन शंकाही येत नाही.

चुकीवरून मला माझीच एक चूक आठवली. ती मी घरातही फारशी सांगत नाही. मी नवा कारकून असताना शाखेत एकाच नावाचे दोन खातेदार होते. गाव एक, नाव एक, वडिलांचे नावसुद्धा एक. भाताचे आलेले १२०० रुपये मी एकाऐवजी दुसऱ्याच्या खात्यावर जमा केले. गंमत अशी की, महिनाअखेरीला ताळा बरोबर जमला. जमणारच, कारण दोन्ही पाने एकाच लेजरमधली, बेरीज तीच. चूक उघडकीला आली ती जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर. म्हातारा बियाण्याला पैसे काढायला आला आणि मी त्याला काउंटरवरून, चारचौघांत, “शिल्लक नाही” असे सांगितले. तो काही बोलला नाही. टोपी काढून हातात घेतली आणि बाकावर बसून राहिला. दुपारी व्हाउचर काढून पाहिले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्याने त्यातले ८०० रुपये तोवर उचलले होते. ते मी खिशातून भरले आणि त्याच्याकडून वसूल व्हायला आठ महिने लागले.

ती ऐकत होती. मग म्हणाली, “काका, हे आम्हाला आहे. दोन ऑब्जेक्टमधला सगळा डेटा सारखा असला तरी ती दोन वेगळी ऑब्जेक्ट असतात.” मी म्हटले, “हो. मला हे शिकायला ८०० रुपये पडले.”

कॉलेजातल्या शिक्षकांना मी दोष देणार नाही. त्यांच्यातले कित्येक जण तासिका तत्त्वावर राबतात, दोन-दोन कॉलेजांत धावतात, आणि प्रश्नपत्रिका व्याख्याच विचारते. मुलांची आणखी एक कुचंबणा मी जवळून पाहिली. तिच्या प्रयोगशाळेत त्या वेळी टर्बो सी प्लस प्लसचा निळा पडदा होता. हे बोरलँड कंपनीचे उत्पादन पहिल्यांदा आले १९९० साली. भाषेचे जागतिक मानक ठरले १९९८ साली, म्हणजे त्यानंतर. परिणाम असा, की कॉलेजात बिनतक्रार चालणारा प्रोग्रॅम घरी मोबाइलवरच्या नव्या कंपायलरमध्ये टाकला की पहिल्याच ओळीला चूक दाखवायचा. घरात संगणक नव्हता, सगळा सराव मोबाइलवरच. तिला वर्षभर वाटत राहिले, की आपलेच काहीतरी चुकते.

दुसरीकडे याच मुलुखात चांगले कामही झालेले आहे. पवईच्या आय.आय.टी.मध्ये प्रा. अभिराम रानडे यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी सी प्लस प्लसवर पुस्तक लिहिले. त्यात सुरुवातीलाच पडद्यावर एक कासव फिरवून रेघा काढायच्या असतात. कासवाला पुढे जा, वळ असे सांगता सांगता मूल नकळत ऑब्जेक्टशी बोलू लागते, व्याख्या नंतर येते. तिथल्याच प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने सी प्लस प्लसचे धडे मराठी आवाजात फुकट उपलब्ध केले. ते पहिल्यांदा ऐकून ती हसली होती. “काका, हे मराठीत बोलतायत!” हसण्यात आनंद होता, की इतके दिवस हे कोणी सांगितले नाही याचा राग, ते मला ओळखता आले नाही. पवई लोधिवलीहून तशी लांब नाही, पण वर्षभर तिच्या कानावर यातले काहीच आले नव्हते.

श्रावणात तिने स्वतःचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. पुस्तकातला नव्हे, आजीच्या बचत गटाचा. सभासदाची दरमहा वर्गणी, कर्ज, परतफेड. दोन रात्री जागून तयार केला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. मी बँकेत तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारखा गंभीर चेहरा केला आणि वर्गणीच्या जागी उणे ५०० असा आकडा भरला. प्रोग्रॅमने निमूटपणे तो जमा केला! आजीची शिल्लक ५०० ने कमी झाली. पैसे काढण्याच्या दारावर पहारेकरी होता, भरण्याच्या दारावर नव्हता.

“असं कोण भरेल, काका?” ती रडकुंडीला आली होती.

“जिथं पैसे आहेत तिथं असं भरणारा असतो. अडतीस वर्षं तेवढंच पाहिलं.”

ती उठून गेली. मला वाटले, रागावली. अर्ध्या तासाने परत आली. भरण्याच्या फंक्शनमध्ये अट घातली होती, आणि त्याखेरीज मी न सांगितलेली आणखी एक: कर्जाची परतफेड बाकीपेक्षा जास्त झाली तर थांबायचे. मग तिने उलट मलाच विचारले, “तुमच्या लेजरमध्ये चुकीच्या पानावर जमा करताना तुम्हाला कोण अडवत होतं?” मी म्हटले, “अधिकाऱ्याची सही.” “पण सही तर झालीच होती ना?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या अधिकाऱ्याने नाव पाहिले होते, क्रमांक पाहिला नव्हता. पुढे मी त्याच खुर्चीत बसलो तेव्हा घाईच्या दिवशी मीही कितीदा नुसते नावच पाहिले असेल, कोण जाणे.

गणपती आले नि गेले. वडिलांनी पॅकिंगचा विषय काढला, पण केटीची फी भरून झाली होती, म्हणून तो दिवाळीपर्यंत पुढे गेला. परीक्षेत एन्कॅप्सुलेशनवर प्रश्न आला. तिने व्याख्या लिहिली आणि खाली लेजरच्या पानाचे उदाहरण दिले. गुण मिळाले ते पास होण्यापेक्षा थोडे जास्त, फार नाहीत. वडील पेढे घेऊन आले आणि दारातच म्हणाले, “साहेब, आता पुढच्या वर्षाला म्हणे जावा आहे. ते काय असतं?” मी म्हटले, “मला माहीत नाही. तिला विचारा.”

आजीला मात्र अजून एक शंका होती. नातीने मोबाइलवर गटाच्या सगळ्या बायकांची नावे दाखवली होती, आणि गटात त्याच नावाची आणखी एक बाई आहे. पासबुक भरून घ्यायला चौकच्या बँकेत निघाली तेव्हा ती ओट्याशी थांबली. “सायेब, तिथं मशीन लावलंय आता. त्याला नंबर बघायला शिकवलंय ना?”